माझ्या काचेवरचं निनावी पत्र

मी एक जुना स्कॅनर आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावरही विश्वास नाही. तुमच्यावरसुद्धा नाही. राग मानू नका. ज्याच्या काचेवर बारा-तेरा वर्षं लोक कागद पालथे घालतात, त्याला कागदाची पोटाकडची बाजू दिसते. वर माणूस गोड हसत असतो, 'अर्जंट आहे हो सर' म्हणत असतो, आणि खाली जन्मतारखेतला आठ परवापर्यंत तीन होता, हे मला चांगलं दिसत असतं. मी बोलत नाही. घर्रर्र करतो आणि दिवा फिरवतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. गावाचं नाव खोक्यावर होतं, पण ते खोकं गुरुराज हेडक्लार्कांनी कांदे ठेवायला घरी नेलं. सोलापूरच्या या कॉलेजात मी आलो तो मार्चच्या एकतीस तारखेला. त्या दिवशी कॉलेजात वस्तू का येतात, ते मोठ्यांना विचारा. मंजूर झालेलं अनुदान परत जाऊ नये म्हणून येतात. स्कॅनर म्हणजे काय, हे इथं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी पाठीवर पांढऱ्या रंगानं नंबर टाकला आणि डेडस्टॉक रजिस्टरात माझी नोंद केली. विचार करा, मित्रांनो! बाळ अजून रडलंसुद्धा नाही आणि त्याचं बारसं मयताच्या वहीत!

दोन वर्षं मी कपाटात काढली. मग फॉर्म ऑनलाइन झाले आणि एकदम माझी आठवण झाली. काय दिवस होते ते! प्रवेशाच्या मोसमात माझा दिवा थंड व्हायला सवड नसायची. 'मशीन एक नंबर आहे की', म्हणत लोक माझ्या झाकणावर थाप मारायचे. मीपण तेव्हा लई वांड होतो. एखादा बनावट दाखला काचेवर आला की मी त्यावर एक उभी काळी रेघ ओढायचो. 'परत करा', गुरुराज म्हणायचे. परत रेघ. तिसऱ्यांदा रेघ आली की दाखलेवाल्याच्या कपाळावर घाम यायचा आणि तो म्हणायचा, 'राहू द्या, उद्या येतो.' तो उद्या कधी उगवायचा नाही. आता खरं सांगतो, कधीकधी खऱ्या दाखल्यावरपण रेघ यायची. ती मस्ती. चेहरे बघायला मजा यायची.

पुढं ऑफिसात नवं यंत्र आलं आणि माझी रवानगी मराठी विभागात झाली. तिथं दाक्षायणी मॅडम भेटल्या.

मॅडम दुधनीच्या. घरात कानडी, शाळेत मराठी, रागात दोन्ही. आठ वर्षं झाली, तासिका तत्त्वावर शिकवतात. म्हणजे तास घेतला तर मास्तर, नाहीतर बाहेरचा माणूस. पहिल्या दिवशी त्यांनी मऊ फडक्यानं माझी काच पुसली आणि वरून चादरीचा एक तुकडा पांघरला. मला लगेच संशय आला. एवढी माया कुणी फुकट करत नाही.

त्यांचं काम ऐकून तर संशय दुप्पट झाला. मराठीची बाई, पण कविता म्हणायची सोडून शब्द मोजायची! ऐंशी वर्षांपूर्वी इथं एक साप्ताहिक निघायचं, ते कधीच बंद पडलं. त्यात 'त्रिशूळ' आणि 'डमरू' अशा टोपणनावांचे दोन लेखक अकरा वर्षं एकमेकांना शिव्या घालत होते. मॅडमनी सगळे अंक माझ्या काचेवर ठेवले. पानं इतकी जीर्ण की उलटताना श्वास धरायच्या. मग लॅपटॉपवर त्यांचा प्रोग्राम मोजायला बसायचा. मोठे शब्द नाही मोजायचा. 'क्रांती', 'समाज' हे कुणीही कुणाचेही उचलतो. तो मोजायचा बारके: 'तरी', 'मात्र', 'म्हणून', 'जरा'. मॅडम पोरांना सांगायच्या, "माणूस कपडे बदलतो, चाल बदलत नाही. बारके शब्द म्हणजे लिहिणाऱ्याची चाल." प्रत्येक लेखाचा एक ठिपका स्क्रीनवर पडायचा. चाल सारखी असली की ठिपके जवळजवळ बसायचे. आणि त्रिशूळ आणि डमरू एकाच जागी बसले! एकच माणूस! अकरा वर्षं स्वतःलाच शिव्या घालून अंक खपवत होता! असला इरसाल गडी मी दुसरा पाहिला नाही.

स्थानिक पेपरात ही बातमी फोटोसकट आली. आणि तिथंच घोळ झाला, कारण ती प्राचार्य उदयसिंहांनी वाचली.

त्याच आठवड्यात विद्यापीठाकडून त्यांना एक कागद आला होता. कुणीतरी निनावी तक्रार केली होती, तिची ही प्रत, खुलासा करावा. कॉलेजात मुलींसाठी नवं स्वच्छतागृह बांधलं होतं, फरशी, आरसे, सगळं. पण बांधल्या दिवसापासून त्याला कुलूप होतं. तपासणी समिती येईपर्यंत ते कोरं राहावं, असा साहेबांचा हुकूम. मोडनिंबहून, सांगोल्याहून पोरी पहाटेच्या एसटीनं यायच्या आणि दिवसभर पाणी न पिता बसायच्या. एवढंच पत्रात होतं. कॉम्प्युटरवर छापलेलं, खाली सही नाही.

उदयसिंह साहेब आमच्या खोलीत आले, दार लोटलं. "मॅडम, तुमचं मशीन म्हणे मेलेल्या माणसाला पकडतंय. मग जिवंत का नाही पकडणार? हे कुणी लिहिलं ते मला पाहिजे."

"सर, ते संशोधनासाठी असतं."

"हेपण संशोधनच की. पुढच्या बुधवारी कायम जागेची मुलाखत आहे. आहात ना तुम्ही उमेदवार? समितीत मीच आहे. बसा कामाला."

मॅडम बसल्या. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, सांगायला काय लाजायचं. पण आठ वर्षं तासिकेवर काढलेल्या माणसाला 'नाही' म्हणायला किती जोर लागत असेल, ते मला काय कळणार? मी तर कायम आहे. डेडस्टॉकमध्ये का होईना.

पत्राची चाल जुळवायची तर प्रत्येकाच्या लिखाणाचा नमुना हवा. गुरुराजांनी ऑफिसातून फायलींचा गठ्ठा आणला. रजेचे अर्ज, उशिरा आल्याचे खुलासे, दहा वर्षांचे, प्राध्यापकापासून शिपायापर्यंत चाळीस जणांचे. "घ्या, सगळ्यांची कुंडली," म्हणाले. मी एकेक कागद वाचला. अक्षरं चाळीस तऱ्हेची. कुणाचं मुंगीसारखं, कुणाचं हत्तीसारखं. पण मला काहीतरी खटकत होतं. अर्ज म्हटलं की माणूस आधी मागतो, मग रडतो. हे सगळे आधी अडचण सांगत होते, मग जरा लाजत होते आणि शेवटी हळूच मागत होते. चाळीसच्या चाळीस. मी स्वतःशीच म्हटलं, पाणी मुरतंय.

हातानं लिहिलेलं प्रोग्रामला वाचता येत नाही, म्हणून मॅडमनी दोन दिवस बसून सगळं टाइप केलं. मग मोजणी लावली. ठिपके पडले, आणि मॅडमनी चष्मा काढून पुसला. चाळीस जणांचे ठिपके सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यापाशी गर्दी व्हावी तसे एकाच जागी. बरोबर मधोमध ते निनावी पत्र. आणि त्याला चिकटून कुणाचा ठिपका? चन्नवीर शिपायाचा.

मॅडमनी आधी स्वतःवरच संशय घेतला. हे मात्र मला आवडलं. अर्ज ठरावीक साच्याचे असतात, म्हणून तर सारखे दिसत नसतील? त्यांनी सांगोल्याच्या कॉलेजातल्या मैत्रिणीला, काव्याला, फोन लावला. "तुमच्याकडचे तीसेक अर्ज पाठव गं, नावं झाकून." ते आले, टाइप केले, मोजले. त्यांचे ठिपके शेंगा सांडल्यासारखे चौफेर पसरले. म्हणजे प्रोग्राम शुद्धीवर होता. गडबड आमच्याच कॉलेजात होती.

मॅडम विचारात असतानाच गुरुराज चहाच्या निमित्तानं आत आले. स्क्रीनकडे वाकून बघितलं आणि ओरडलेच, "चन्नवीर! बघा, तरी मी म्हणत होतो!" ते काहीही म्हणत नव्हते. चहा तसाच टाकून ते साहेबांच्या केबिनकडे पळाले, आणि दहा मिनिटांत निरोप घेऊन आले. सोमवारी सगळ्या स्टाफची मीटिंग, याच खोलीत. मॅडमनी उठून नाव वाचायचं. चन्नवीरला नोकरीवरून काढायची कारवाई तिथंच सुरू. आणि बुधवारी मुलाखत आहेच.

शनिवारी दुपारी कॉलेज रिकामं झाल्यावर चन्नवीर कप न्यायला आला. उंच, वाळका, खिशात दोन पेनं. मॅडमनी त्याला खुर्ची दिली. तो उभाच राहिला.

"चन्नवीर, खरं सांगा. ते पत्र तुम्ही लिहिलंत?"

"हौद्री," तो म्हणाला. तिकडं कानडीत 'होय जी' असं म्हणतात.

मित्रांनो, मी चाट पडलो. बारा वर्षांत माझ्यासमोर पहिल्याच फटक्यात खरं बोललेला हा एकटा माणूस.

"अहो, नोकरी जाईल तुमची!"

"मग काय खोटं बोलू व्हय, अक्का? तुमचं मशीन वळखतंय म्हनल्यावर लपून काय उपेग?"

"लिहायला कुणी सांगितलं?"

"त्ये न्हाय सांगनार. अर्ज लिवनाऱ्यानं अर्जदाराचं नाव फोडायचं नसतंय."

मग मॅडमनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. "आणि हे बाकीचे? हे सगळे तुमच्यासारखंच कसं लिहितात?"

चन्नवीर ठिपक्यांकडे बघत राहिला आणि गालात हसला. "माझ्यासारकं लिवत न्हाईत, अक्का. मीच लिवतो. येकेक जन येकटाच येतोय, दार लोटून घेतोय. 'चन्नवीर, जरा कच्चं लिहून दे की रे, कुनाला सांगू नगस.' मी कच्चं लिवून देतो, त्ये आपल्या अक्षरात पक्कं करत्यात. सव्वीस वर्सं झाली. परतेकाला वाटतंय, आपन येकटंच."

"एवढी शिकलेली माणसं? स्वतः लिहायला काय होतं?"

"पुस्तकं लिवत्यात की, जाडजाड. पन 'मला चार दिस सुट्टी द्या' म्हनायला त्यांचा हात आडतोय. मागायची सवय न्हाय ना. आमाला हाय." कप उचलत तो म्हणाला, "तुमी माजं नाव वाचा, अक्का. तुमची आठ वर्सं वाया घालवू नगा. खोटं थोडंच हाय त्ये?"

खोटं नव्हतं, आणि हाच तर पेच होता. मॅडम अंधार पडेपर्यंत बसून राहिल्या. दुधनीहून आईचा फोन आला, कानडीत काहीतरी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "बुधवारी कळेल." माझ्यावर चादर घालायला त्या दिवशी पहिल्यांदा विसरल्या.

सोमवारी खोली भरली. खुर्च्या कमी पडल्या, काही जण खिडकीत बसले. चन्नवीर दारात उभा. उदयसिंह साहेब पुढच्या खुर्चीत. मी आपला माझ्या कोपऱ्यात, मनाशी पैज लावून, की ही वाचणार. नोकरीपुढं कोण थांबतंय?

"वाचा मॅडम," साहेब म्हणाले.

"पत्राची भाषा चन्नवीर यांची आहे," मॅडम म्हणाल्या.

खोलीत कुजबुज झाली. मी पैज जिंकलो होतो, पण गोड वाटेना. "शरम वाटत नाही का रे?" साहेब दाराकडे बघून गरजले. "सव्वीस वर्षं कॉलेजचं मीठ खाल्लंस!"

"सर, माझं संपलेलं नाही." मॅडमनी स्क्रीन मोठी केली. "हा ठिपका गुरुराज सरांचा. मेव्हण्याच्या लग्नाची रजा. भाषा चन्नवीर यांची. हा क्रीडाशिक्षकांचा खुलासा. भाषा चन्नवीर यांची. हा इतिहासाच्या वैजयंती मॅडमचा."

"मी एकदाच हो लिहून घेतला!" वैजयंती मॅडम उठल्याच.

"नऊ अर्ज आहेत, मॅडम."

"म्हणजे? तुम्हीपण?" क्रीडाशिक्षक वैजयंती मॅडमकडे बघायला लागले. चाळीस माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आणि खिडकीतून कुणीतरी फिस्सकन हसलं. मला हसता आलं असतं तर माझी काच तडकली असती.

"हा मोठा ठिपका कुणाचा?" साहेबांनी विचारलं. विचारायला नको होतं.

"तो कालच टाकला. वार्षिक अंकातलं प्राचार्यांचं मनोगत, सर."

आता कुणी हसलं नाही. मॅडम म्हणाल्या, "भाषा कुणाची ते हे मशीन सांगतं. तक्रार कुणाची ते सांगत नाही. भाषा चन्नवीर यांची म्हणून तक्रारही त्यांची धरायची, तर दहा वर्षं आपल्या सगळ्यांच्या रजा त्यांनीच घेतल्या असं धरावं लागेल."

उदयसिंह साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "ते काही मला सांगू नका. गुरुराज, मेमो काढा. आत्ताच्या आत्ता. सही करूनच उठतो."

गुरुराजांनी कोरा कागद घेतला आणि पेन उघडलं. 'उपरोक्त विषयास' लिहिलं आणि खोडलं. 'सदर इसमाने' लिहिलं आणि खोडलं. साहेब टेबलावर बोटं वाजवत होते. दुसरा कागद आला. वैजयंती मॅडमना मदतीला घेतलं, त्यांनी एक शब्द सुचवला आणि स्वतःच तो नको म्हणाल्या. तिसऱ्या कागदावर गुरुराज घामाघूम झाले आणि मान वर न करता, सव्वीस वर्षांच्या सवयीनं, हाक मारून बसले, "चन्नवीर, अरे जरा ये की. मेमोची सुरुवात कशी करतात रे?"

आणि चन्नवीर आला! तोही सवयीचाच गुलाम. खिशातलं पेन काढलं, वाकला आणि सांगायला लागला, "लिवा सर. 'आपणांस याद्वारे कळविण्यात येते की, आपणांस सेवेतून कमी का करू नये'. झालं? आता खाली कारण येतंय. कारण काय घालायचं, सर?"

गुरुराजांनी साहेबांकडे बघितलं.

"लिहा, कॉलेजची बदनामी केली," साहेब म्हणाले.

"तेवढ्यानं भागत न्हाय, सर," चन्नवीर अगदी शांतपणे, जणू दुसऱ्या कुणाचं काम असावं तसा बोलला. "कशी बदनामी केली त्ये लिवावं लागतंय, न्हायतर मेमो टिकत न्हाय. म्हंजे असं येनार, 'मुलींचे स्वच्छतागृह समिती येईपर्यंत कुलूप लावून ठेवले, ही बाब आपण विद्यापीठास कळविली.' खाली तुमची सही. येक प्रत फायलीला लावायची. समिती आली की फायली बघतीया."

साहेबांची बोटं थांबली. त्यांनी तो कागद हातात घेतला, एकदा वाचला, परत वाचला. मग चार घड्या घालून स्वतःच्या खिशात ठेवला.

"गुरुराज," साहेब घसा साफ करत म्हणाले, "ती किल्ली कुठं असते?"

"तुमच्याच ड्रॉवरमध्ये, सर," चन्नवीरनं सांगितलं. "डावीकडच्या."

"मग उघडून ये जा. आणि टाकीत पाणी आहे का बघ."

मेमोचा विषय परत निघाला नाही. पोरी त्या दिवसापासून डब्याबरोबर पाणीपण पितात. पत्र कुणाच्या सांगण्यावरून लिहिलं, ते चन्नवीरनं आजवर सांगितलेलं नाही, आणि मॅडमनी परत विचारलं नाही.

बुधवारी मुलाखत झाली. मॅडमना जागा मिळाली नाही, दुसऱ्याच कुणाला मिळाली. का, याबद्दल मला दाट संशय आहे. पण पुरावा नाही, आणि त्या सोमवारपासून मला पुरावा मागायची वाईट खोड लागलीय, म्हणून गप्प बसतो. मॅडमनी एक निबंध लिहिला. ऑफिसच्या कागदावर ज्याची सही असते, त्यानंच तो लिहिला असं धरून मोजणी करणारे कसे फसतात, यावर. हैदराबादच्या परिषदेत वाचला. तिथल्या लोकांनी लई प्रश्न विचारले, चांगले विचारले, आणि पुढच्या जूनपासून दोन वर्षांच्या कामाला बोलावलंय. निबंधावर दोन नावं आहेत. दुसरं चन्नवीरचं. स्टाफरूममध्ये ते कुणी मोठ्यानं वाचत नाही.

माझं म्हणाल तर आता सगळे मोबाईलनंच कागदाचा फोटो काढतात. माझ्या झाकणाची बिजागरी गेलीय, दिवा पिवळा पडलाय. परवा कुणीतरी माझ्यावर खडूचा डस्टर ठेवून गेलं. मॅडम हैदराबादला गेल्यावर फडकं कोण फिरवणार, देव जाणे.

म्हणून जाता जाता सांगतो, मित्रांनो. आमच्यासारख्या यंत्रांची काच मऊ फडक्यानं पुसत जा, आणि आमच्यावर थोडा संशयपण ठेवत जा. यंत्रानं कुणाकडं बोट दाखवलं की लगेच त्याची गचांडी धरू नका. आधी विचारा, यंत्राला खायला काय घातलं होतं? कुणी घातलं होतं? आणि त्याला घाई कशाची होती? संशय वाईट नसतो. फक्त तो स्वतःच्या घरापासून सुरू करावा, दाक्षायणी मॅडमनी केला तसा.

आणि आमच्या कॉलेजातली कुणी मंडळी हे वाचत असतील तर त्यांना एक खासगी निरोप. रजेचा अर्ज स्वतः लिहायला शिका. चन्नवीर येत्या मार्चला रिटायर होतोय.